खाकी कव्हरवाल्या बाई

आमच्या वाचनालयात लोक पुस्तक मागायला घाबरायचे. उन्हातून जिना चढून आलेला माणूस काउंटरजवळ यायच्या आधी दारातून आत डोकावायचा. मी एकटी दिसले तर त्याचा चेहरा सैल पडायचा. बाई उभ्या असल्या तर तो उगाच वर्तमानपत्रांच्या टेबलाकडं वळायचा आणि त्या कधी आत जातायत याची वाट बघत बसायचा.

कारण साधं होतं. मागितलेलं पुस्तक बाई सहसा देत नसत.

"हलकंफुलकं काहीतरी द्या," असं कुणी म्हणालं की मी रजिस्टरात डोकं घालायचे. बाई मान वर करून त्या माणसाकडं बघायच्या. मागं रांग असली तरी निवांत बघायच्या. मग विचारायच्या, "घरात कोण आजारी आहे?"

एका बँकेतल्या बाईंना त्यांनी असंच विचारलं, तेव्हा त्या भडकल्या. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणाल्या, आणि पुढच्या क्षणाला काउंटरवर डोकं टेकून रडायला लागल्या. आमच्या बाईंनी त्यांना पाणी विचारलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. आत गेल्या आणि एक जाडजूड प्रवासवर्णन घेऊन आल्या. "हे लवकर संपत नाही. दवाखान्यात बसायला बरं पडतंय," एवढंच बोलल्या.

दरवेळी त्यांचा अंदाज बरोबर यायचा असं नाही. एका निवृत्त इंजिनिअरांना त्यांनी एकटेपणावरचं काहीतरी दिलं. त्यांचं घर नातवंडांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काउंटरवर आपटलं आणि वर्गणी बंद केली. बाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत म्हणाल्या, "चुकलं की माझं," आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. आपलं चुकलं हे इतक्या सहज म्हणणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

बाई आमच्या ग्रंथपाल, मी त्यांची सहायक. उंच, हाडापेरानं रुंद, साडीवर पांढरे कापडी बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. लग्न केलं नव्हतं. वाचनालय उघडं असेपर्यंत त्या खाली बसत नसत. भाकरीसुद्धा उभ्यानं खायच्या. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर दही-शेंगाचटणी, आणि डाव्या हातात उघडं पुस्तक. त्या अक्कलकोटच्या बाजूच्या, घरची भाषा कन्नड. विणकर घरांतल्या माणसांशी तेलुगूत बोलायच्या, आमचे शिपाई इक्बालभाई यांच्याशी दखनीत. राग मात्र फक्त कन्नडमध्ये यायचा. मला रोज एकदा तरी "सुम्मन कुंद्र" ऐकायला मिळायचं. म्हणजे गप बस.

त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे खाकी कव्हरं. काउंटरवरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला त्या खाकी कागद घालायच्या. कागद घरून कापून आणायच्या. आमचे तरुण कार्यवाह यावरून नेहमी कुरकुरायचे. "बाई, मुखपृष्ठं दिसली पाहिजेत. त्यानंच तर वाचक येतात."

"कपाटात दिसू देत की. रस्त्यात कशाला?" बाई म्हणायच्या. "कोण काय वाचतंय ते गल्लीला कळायचं काय कारण?"

एकदा एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा कॉलेजला होता आणि आमच्याकडून पुस्तकं न्यायचा. तो काय नेतो ते त्यांना हवं होतं.

"त्यालाच विचारा की," बाई म्हणाल्या.

"मी वडील आहे त्याचा."

"मग तर सोपंच आहे."

त्या गृहस्थांनी समितीकडं तक्रार केली. समितीनं बाईंना बोलावलं. बाई आत गेल्या तशाच बाहेर आल्या, काही झालं नसल्यासारख्या. मुलाच्या पुस्तकांबद्दल त्यांनी शेवटपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. मलाही नाही.

मग कार्यवाहांच्या डोक्यात एक कल्पना आली. मोठ्या शहरांतल्या वाचनालयांत म्हणे कर्मचारी आपापली आवडती पुस्तकं सुचवतात, एका वेगळ्या मांडणीवर ठेवतात. आपणही तसं करायचं, फोटो काढायचे, वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. जिन्याजवळ एक हलकी लोखंडी मांडणी आली. वर रंगीत अक्षरांत लिहिलं, 'आमची आवड'. महिन्याला प्रत्येकानं एक पुस्तक ठेवायचं आणि त्यात दोन ओळींचं कार्ड खोचायचं.

इक्बालभाई दर महिन्याला तीच रहस्यकथा ठेवायचे. "जो अच्छी है सो अच्छी है, हर महिने कायको बदलना?" मी कार्डावर 'अंतर्मुख करणारी' वगैरे शब्द लिहायचे. बाईंनी पहिलं कार्ड लिहिलं ते असं: 'सुरुवात कंटाळवाणी आहे. सोसा.' दुसऱ्या पुस्तकावर लिहिलं: 'यातला नवरा लेखकाला आवडलेला आहे. मला नाही.' तिसऱ्यावर: 'घरात नुकतं कुणी गेलं असेल तर आत्ता नेऊ नका. पुढच्या वर्षी या.'

कार्यवाहांना घाम फुटला. पण पोरं बाईंच्या कार्डांचे फोटो काढायला लागली, आणि आधी घाबरणारी माणसं मांडणीपाशी उभं राहून हसायला लागली. काउंटरवर बाईंच्या समोर उभं राहण्यापेक्षा कार्ड वाचणं त्यांना सोपं वाटत असावं. ते काही महिने वाचनालयात खरंच बरे गेले.

राजय्याकाका आमचे जुने वाचक. टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य काढलेलं, मागांच्या खडखडाटानं एका कानानं कमी ऐकू यायचं. दर आठवड्याला शहराच्या पूर्व भागातून चालत यायचे आणि जाड ऐतिहासिक कादंबरी न्यायचे. बाई त्यांना काही विचारत नसत. त्यांच्यासाठी पुस्तक आधीच बाजूला काढून ठेवलेलं असायचं. काकांचे गुडघे धरले तशी त्यांची सून यायला लागली. तिचं नाव रेणुका. सासऱ्यांचं पुस्तक परत करायचं, दुसरं घ्यायचं आणि लगेच निघायचं. जिना उतरताना पळायचीच ती.

एक दिवस ती मांडणीपाशी थांबली. बाईंनी त्या महिन्यात एका परिचारिकेचं आत्मकथन ठेवलं होतं. कार्डावर लिहिलं होतं: 'भाषा ओबडधोबड. बाई खरी. मी दोनदा वाचलं.' रेणुका ते कार्ड वाचत राहिली. पुस्तकाला हात लावला नाही. दुसऱ्या आठवड्यातही तसंच. तिसऱ्या खेपेला बाईंनी ते पुस्तक उचललं, खाकी कव्हर घातलं आणि काकांच्या कादंबरीवर ठेवलं.

"मी काही मागितलं नाही," रेणुका दचकून म्हणाली.

"माहिती आहे की. ने."

ते पुस्तक बरेच आठवडे परत आलं नाही. बाईंनी एकदाही आठवण केली नाही. रेणुका आली की दोघी तेलुगूत काहीतरी हळू बोलायच्या. मग एका आठवड्यात ती आली ती पदर कपाळापर्यंत ओढून. काउंटरवर पुस्तक ठेवताना पदर सरकला. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर पुन्हा ओढला. बाईंनी कादंबरी पुढं सरकवली आणि एक प्रश्न विचारला. रेणुकानं मान हलवली. नाही.

ती गेल्यावर मी बाईंवर चिडले. "पोलिसांत सांगू या. निदान महिलांच्या हेल्पलाइनला तरी फोन करू या."

"तेच विचारलं मी तिला. नको म्हणाली."

"ती नको म्हणणारच ना!"

"मग ती हो म्हणेल तेव्हा." बाई कव्हरं घालत राहिल्या. पण कागदाची घडी सरळ येत नव्हती. त्या दिवसापासून आमच्या दोघींत एक ताण बसला. जिन्यावर पाऊल वाजलं की दोघीही दाराकडं बघायचो, आणि बघितलं हे एकमेकींना कळू द्यायचो नाही.

त्याच सुमाराला राजय्याकाका स्वतः आले. गुडघ्यांना पट्टे बांधून. काउंटर रिकामा होईपर्यंत थांबले. मग बाईंकडं वाकून, आपला आवाज किती मोठा येतोय हे ऐकू येत नसल्यानं जरा मोठ्यानंच म्हणाले, "दारू सोडायची कशी, असं काय पुस्तक हाय का? माझ्यासाठी न्हाय." मग थोडं थांबून, "माझ्यासाठीच समजा."

बाई आत गेल्या. पुस्तक आणलं, कव्हर घातलं, दिलं. काकांनी ते सदऱ्याच्या आत खोचलं. बाईंनी काही विचारलं नाही, काकांनी काही सांगितलं नाही. मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते.

मे महिन्यात दुपारी आमचं वाचनालय काही वेळ बंद असतं. खालचं दार नुसतं लोटलेलं. तसल्या एका दुपारी पंखाही गरम हवा फेकत होता, इक्बालभाई बाकावर आडवे झाले होते आणि बाई भाकरी खात होत्या. जिन्यावर पावलं वाजली. रेणुका दारात उभी राहिली. पायात घरातल्या स्लिपर, हातात कापडी पिशवी. खालचा ओठ फाटलेला.

"बाई, आत येऊ का?" तिनं विचारलं. याआधी तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी भाकरी खाली ठेवली.

"मी निघाले घरातून. मोहोळला माझी आत्या राहते. शेजारच्या फोनवरून तिच्याशी बोलले. ये म्हणाली. पण हे घरी येतील आता जेवायला, लगेच कळेल त्यांना."

"पोलिसांना फोन करू?" मी विचारलं.

"आधी पोचू द्या मला. तिथनं करते तक्रार. इथं केली तर संध्याकाळी मला त्याच घरात जावं लागेल."

बाईंनी वाद घातला नाही. इक्बालभाईंना म्हणाल्या, "भतीजे की रिक्षा लाव. पीछे की गली में." आमच्या पुस्तकांच्या मोठ्या खोलीच्या मागून एक लोखंडी जिना बोळात उतरतो. रेणुकाला त्यांनी त्या खोलीत, कपाटांच्या रांगांमध्ये नेलं. मी दाराशी उभी राहिले. इक्बालभाई गेले आणि थोड्याच वेळात खाली मोटारसायकली थांबल्या.

रेणुकाचा नवरा श्रीनिवास वर आला. बरोबर एक मित्र, आणि मागून कठड्याला धरून, एकेक पायरी चढत राजय्याकाका. दुसरा मित्र गाड्यांपाशी खाली थांबला होता. मी मागच्या खिडकीतून बघितलं. बोळाच्या तोंडाशीच होता तो. म्हणजे आता लोखंडी जिन्यानं जाताही येत नव्हतं.

"रेणुका इथं आहे का?" श्रीनिवासनं विचारलं. तोंडाला वास येत होता, पण बोलणं स्पष्ट होतं.

"वाचनालयात कोण आलं, कोण नाही, ते मी सांगत नसते," बाई म्हणाल्या.

"माझी बायको आहे ती."

"असू दे की. असली तरी सांगणार नाही, नसली तरी सांगणार नाही."

मला वाटलं, नाही म्हणाव्यात. एक शब्द, नाही, आणि तो गेला असता. सगळ्या पेठेला माहीत होतं, ही बाई खोटं बोलत नाही. त्यानं विश्वास ठेवला असता. पण बाई खोटं बोलल्या नाहीत. पुस्तकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, एवढंच. आणि तिथं जाऊन उभं राहणं म्हणजे जवळजवळ सांगणंच होतं.

श्रीनिवासची नजर मांडणीकडं गेली. "हीच ना ती? ह्याच्यावरनंच देता ना तुम्ही बायकांना पुस्तकं? नर्सचं पुस्तक सापडलं मला पिठाच्या डब्यात. नर्स व्हायचंय म्हणे तिला!" त्यानं कार्डं ओढली, फाडली. "आमच्या घरात कसला त्रास नाही. विचारा माझ्या वडलांना. चांगला संसार होता. तुमच्या पुस्तकांनी डोकं फिरवलं तिचं. नान्ना, सांगा ह्यांना!"

नान्ना, म्हणजे राजय्याकाका, अजून जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे होते. जिना चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती.

माझ्या जिभेवर वाक्य होतं. तुझ्या वडलांनीच इथून काय नेलं ते विचार त्यांना. एवढं म्हटलं असतं तर तो तिथंच गप्प झाला असता. मी तोंड उघडलं. बाईंनी मान न वळवता म्हटलं, "सुम्मन कुंद्र." मी उभीच होते. पण गप्प बसले.

काकांनी ते ऐकलं. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई काय करू शकत होत्या आणि काय करत नव्हत्या, ते त्यांना पुरेपूर कळत होतं.

"काका, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "गुडघे दुखतील."

तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत आतल्या खोलीत एक पुस्तक धप्पकन खाली पडलं.

श्रीनिवास पुढं झाला. बाईंनी दोन्ही हात चौकटीवर रोवले.

"बाजूला हो."

"नाही."

त्यानं त्यांचं मनगट पकडलं आणि ओढलं. बाई हलल्या नाहीत. त्यानं पुन्हा जोरात हिसका दिला. अंबाडा सुटला, पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली. पांढरे-काळे केस तोंडावर आले, पण चौकटीवरचा दुसरा हात सुटला नाही. मी त्याचा दंड धरून मागं खेचायला गेले. त्याच्या मित्रानं मला ढकललं, मी काउंटरवर आदळले.

"सोड तिचा हात."

काका बोलले होते. घरातलं बोलणं ते नेहमी तेलुगूत बोलायचे. हे मुद्दाम मराठीत बोलले, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून.

"नान्ना, तुम्ही मधे—"

"सोड. दारू सुटायचं पुस्तक मी नेलतो हितनं. तुझ्यासाठी. दोनदा नेलतो." त्यांचा आवाज त्या बंद पंख्याच्या खोलीत फार मोठा येत होता. "तुझ्या उशाशी ठेवायची हिंमत झाली न्हाई मला. ह्या बाईला सगळं म्हाईत हाय. कुणाला एक शब्द बोलली न्हाई ती. आत्ताबी बोलली न्हाई. म्हणून मी बोलतोय. घरात त्रास हाय. तूच हायस तो."

मित्र फरशीकडं बघायला लागला. श्रीनिवासचा हात सैल पडला, पण तो दारासमोरून हटला नाही. आता हा वडलांवर हात उचलतो की काय असं मला वाटलं. काकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी कठडा घट्ट धरला. आणि मग अगदी वेगळ्या, रोजच्या आवाजात म्हणाले, "तू स्टँडवर जाऊन बघ. गेली असली तर गाडीच धरणार ती. हितं असली तर माझ्यापुढनंच जाईल की. मी बसतो हितं. जा."

श्रीनिवासनं एकदा वडलांकडं, एकदा आतल्या दाराकडं बघितलं. मग त्यानं मांडणीला लाथ मारली. ती पुस्तकांसकट आडवी झाली. तो खाली गेला, मागून मित्र. गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला.

काका बाकावर बसले. आतल्या दाराकडं पाठ करून, वळून न बघता, तेलुगूत काहीतरी बोलले. मला फक्त 'स्टँड' आणि 'पुणे नाका' कळलं. बाकीचं बाईंनी नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, स्टँडवर जाऊ नको, त्याला तिकडं धाडलाय. पुणे नाक्यावरनं गाडी धर. पोचलीस की आत्याला मला फोन करायला सांग. दुसऱ्या कुणाला नको.

 आतून रडण्याचा आवाज आला, तोंडावर हात दाबून रडल्यासारखा.

लोखंडी जिन्यानं उतरून, इक्बालभाईंनी आणलेल्या रिक्षात मी तिच्याबरोबर गेले. ती सीटवर वाकून, डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. प्रत्येक सिग्नलला शेजारी मोटारसायकल थांबायची आणि मी चालवणाऱ्याचा चेहरा बघून घ्यायचे. पुणे नाक्यावर एसटी पाच-दहा मिनिटांत मिळाली असेल, पण तेवढा वेळ मी रस्त्यावर तिच्यापुढं आडवी उभी होते, जणू माझ्या मागं ती दिसणारच नव्हती. गाडीत चढताना तिनं पिशवीतून खाकी कव्हरचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "बाईंना द्या. मागचं पान त्यांनी फाडलंय. सॉरी म्हणा."

परत आले तेव्हा वीज आली होती. काका निघून गेले होते. बाई काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसल्या होत्या, केस तसेच मोकळे, सुजलेलं मनगट मांडीवर. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी पुस्तक दिलं. त्यांनी फाटलेल्या पानाची कड बोटानं चाचपली.

"बसली का गाडीत?"

"बसली."

"जागा मिळाली?"

"खिडकीची."

मग त्या रडल्या. मी रडू दिलं.

पुढचं सगळं कुठल्याही संस्थेत होतं तसंच झालं. रेणुकानं मोहोळला तक्रार दिली, श्रीनिवासनं आमच्या समितीकडं अर्ज दिला, त्याच्या ओळखीचं कुणीतरी वजनदार माणूस अध्यक्षांना भेटून गेलं. बैठकीला मलाही बोलावलं होतं.

"बाई, आपण पुस्तकं द्यायची. सल्ले द्यायचे नाहीत," कार्यवाह म्हणाले.

"ती मांडणी तुम्हीच आणलीत की."

"दोन ओळींची दिलगिरी लिहून द्या, विषय मिटवू."

"कशाबद्दल लिहू?"

कार्यवाहांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "झाल्या प्रकाराबद्दल."

"झाल्या प्रकाराबद्दल मला वाईट वाटत नाही. मी आणखी आधी काही करायला हवं होतं, त्याचं वाटतं. ते लिहून देऊ का?"

मांडणी अडगळीत गेली. बाईंना काउंटरवरून काढून वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांच्या मोजणीला बसवलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. वाचक काउंटरवर येऊन विचारायचे, "बाई कुठंयत?" आधी त्यांच्यासमोर यायला घाबरणारी माणसं आता कुणी बघत नाही असं पाहून वरचा जिना चढायची. राजय्याकाकाही चढायचे, गुडघ्यांसकट. श्रीनिवासला पंढरपूरकडच्या कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. एकदा परत आला, पुन्हा प्यायला लागला, पुन्हा ठेवलं. काका हे बाईंना सांगायचे आणि बाई ऐकून घ्यायच्या.

निवृत्त झाल्यावर एका थंडीत बाईंचा फोन आला. "मोहोळला जायचंय. येतीस का?"

आम्ही एसटीनं गेलो. बाईंच्या मांडीवर एक पिशवी होती आणि ती त्यांनी वाटेत एकदाही बाजूला ठेवली नाही. कोणतं पुस्तक द्यायचं यावर म्हणे त्यांनी महिनाभर विचार केला होता. दोनदा ठरवून बदललं होतं.

रेणुका स्टँडवरच भेटायला आली. एका छोट्या दवाखान्यात कामाला लागली होती आणि नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं होतं. अंगावर पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. अंगानं जरा भरली होती. चहाच्या टपरीवर ती उभ्यानंच बोलत होती, एकसारखी बोलत होती. रात्रपाळी, डॉक्टरांचा तापट स्वभाव, पहिल्यांदा सुई कशी टोचली, परीक्षेत कुठला विषय अवघड जातो, कोर्टाची पुढची तारीख. बाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. त्या बघण्यात काउंटरवरचं ते जुनं बघणं होतं. मला माहीत होतं, आता प्रश्न येणार.

"वाचतीस का काही?" बाईंनी विचारलं.

रेणुका ओशाळली. "वेळच मिळत नाही हो बाई. अभ्यासाचंच कसंबसं होतं. घरी गेलं की पडल्या पडल्या झोप लागते."

"लागते झोप?"

"मेल्यासारखी."

बाईंचा हात पिशवीच्या तोंडाशी होता. तो तिथंच राहिला. मग त्यांनी पिशवीचे बंद ओढून गाठ मारली आणि चहाचा पेला उचलला. रेणुकाची वेळ झाली. ती बाईंच्या पाया पडायला वाकली, बाईंनी अर्ध्यावरच धरून उठवली. ती रस्ता ओलांडून गेली, पळत.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "पुस्तक द्यायचं राहिलं की, बाई."

"राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तिला नको आहे ते आता."

आणि खिडकीबाहेर बघत, एकट्याच, अगदी खूश होऊन हसल्या.